सुट्टीचं बजेट, भाग ४ : जेवण मोफत की खोली स्वस्त?

महाबळेश्वरच्या रिसॉर्टमध्ये खोलीची चौकशी केली की दोन ऑफर हमखास पुढे येतात. एक, भाड्यावर २० टक्के सूट. दुसरी, भाडं पूर्ण पण रात्रीचं जेवण मोफत. मुलं सोबत असली की दुसरीचा मोह जास्त.

दरपत्रकातली अक्षरं आधी समजून घेऊ. ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे नाश्ता धरून, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही वेळचं खाणं.

आता एक हिशेब मांडून पाहू. खोलीचं भाडं रात्रीला ८,००० रुपये. कुटुंबात आई-वडील, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. बुफे माणशी ९००, मुलीला निम्मा दर, पाच वर्षांखालच्यांना फुकट. म्हणजे मोफत जेवणाची किंमत २,२५० रुपये. भाड्यातली सूट फक्त १,६००. जेवणाची ऑफर सरस वाटते ना? पण यात कर धरलेलाच नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो, त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. ८,००० च्या खोलीचे करासह ९,४४० होतात. सूट धरून ६,४०० ला पडलेली तीच खोली करासह ६,७२० ला मिळते. वाचले २,७२०! जेवणावर १८ टक्के कर धरला तरी त्याची किंमत २,६५५ पर्यंतच जाते. सुटीमुळे खोली ७,५०० च्या खाली येते की नाही, हे म्हणूनच सगळ्यात आधी बघायला हवं. आणि ही सूट हॉटेलच्या बिलातच दिसली पाहिजे. बँकेच्या कार्डावरच्या कॅशबॅकने खोलीचा दर उतरत नाही.

आजीही त्याच खोलीत राहणार असेल आणि तिचं जेवणही मोफत असेल, तर मात्र पारडं फिरतं. खोलीवरची सूट खोल्यांवर मोजली जाते, जेवणाची ऑफर खाणाऱ्या तोंडांवर.

पण ती तोंडं रात्री खरंच जेवणार आहेत का? दुपारी उशिरा गुरेघरच्या मॅप्रो गार्डनमध्ये सँडविच आणि स्ट्रॉबेरी क्रीम हाणून आलेली मुलं बुफेपुढे उभी राहतात, ताटात दोन पापड आणि एक गुलाबजाम घेतात आणि झोपायला जातात. पैसे मात्र पूर्ण ताटाचे. तारकर्लीला तर मासे खाणाऱ्या कुटुंबाने रिसॉर्टचं जेवण आधीच बांधून घेऊच नये. मालवणातल्या घरगुती खानावळीत सुरमईची थाळी आणि सोलकढी समोर येत असताना पनीरच्या बुफेसाठी परत का फिरायचं?

माथेरानची गोष्ट वेगळी. दस्तुरी नाक्यापुढे आपली गाडी जात नाही. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन अंधारात लाल मातीच्या रस्त्याने जेवण शोधत फिरण्यापेक्षा तिथे तिन्ही वेळचं जेवण धरलेलं पॅकेज नक्कीच बरं.

बुकिंगआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात : मुलांच्या वयाची अट, जादा गादीवाल्याचं जेवण धरलंय का, आणि ३१ डिसेंबरला मुक्काम असेल तर गाला डिनरचे पैसे. बऱ्याच रिसॉर्टमध्ये ते सक्तीचे असतात आणि जेवणाचं पॅकेज घेतलेल्यांकडूनही वरचा फरक वसूल होतो.