वायुधारव्याच्या व्यासाचे मापन

ठाणे खाडीच्या पूर्वेस, ठाणे-बेलापूर मार्गाच्या औद्योगिक पट्ट्यात पावणे हे गाव आहे. अशा ठिकाणच्या एखाद्या लहान यंत्रशाळेने वायुधारवे, म्हणजेच एअर बेअरिंगे, करावयाचे ठरविले, तर तिची खरी कसोटी कर्तनापेक्षा मापनात लागेल.

वायुधारव्यात दंड आणि त्याभोवतीचे कवच ह्यांच्यामध्ये तेलाऐवजी दाबाखालील हवेचा पापुद्रा असतो. दंडाचा व्यास 50 मिलिमीटर व पापुद्र्याची जाडी 8 मायक्रॉन आहे असे समजू. दाबातील फरक तोच राहिल्यास पापुद्र्यातून वाहणारी हवा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे जाडी 10 मायक्रॉन होताच हवेचा खर्च जवळजवळ दुप्पट होतो. उलटपक्षी, जाडी फार घटली की दंड कवचास घासतो, आणि वेगात असताना असा एक स्पर्शही दोहोंना निकामी करू शकतो. धारव्याच्या दृष्टीने महत्त्व आहे ते दोन व्यासांतील फरकाला.

लांबीची मापे 20 अंश सेल्सिअसला धरावीत असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. पावणे येथे 30 अंशांची दुपार ही काही नवलाची गोष्ट नव्हे. त्या तापमानास 50 मिलिमीटरचा पोलादी दंड सुमारे पावणेसहा मायक्रॉनांनी, तर तेवढेच कांस्याचे कवच सुमारे नऊ मायक्रॉनांनी फुगते. कांस्याचे कवच पोलादी प्रमाणकड्याशी ताडून पाहिले, तर सव्वातीन मायक्रॉनांची चूक कोणासही न दिसता शिरते. उपकरण कितीही महागडे असले तरी ह्या चुकीपुढे त्याचा उपाय चालत नाही. म्हणून वस्तू व प्रमाण ही दोन्ही वातानुकूलित खोलीत एकाच सपाट पाटावर काही तास शेजारी ठेवावी लागतात आणि हाताळताना हातमोजे घालावे लागतात. पावसाळ्यात आणखी एक विघ्न असते. थंड खोलीतील वस्तू बाहेरच्या दमट हवेत आणताच तिच्यावर दव धरते व पोलाद गंजू लागते. तेव्हा तेलाचा हात फिरवूनच ती बाहेर काढावी.

भोकाचा व्यास मोजण्यास वायुमापक उत्तम. भोकात बसणाऱ्या खुंटीच्या समोरासमोरील दोन छिद्रांतून हवा सोडतात. छिद्र आणि भिंत ह्यांमधील फट बदलली की मागील दाब बदलतो. धारवा ज्या तत्त्वावर चालतो, जवळजवळ त्याच तत्त्वावर त्याचे मापही निघते, ही मौजेची गोष्ट होय. मात्र ज्ञात व्यासाची एक मोठी व एक लहान अशी दोन प्रमाणकडी लावून हे उपकरण आधी जुळवून घ्यावे लागते.

एवढ्यानेही काम संपत नाही. केंद्ररहित ग्राइंडिंगमध्ये दंडाला कधी कधी तीन अस्पष्ट उंचवटे येतात. अशा दंडावर मायक्रोमीटर कोठेही लावला तरी व्यास तोच भरतो, आणि तरीही दंड गोल नसतो. दोन छिद्रांच्या खुंटीलाही भोकातील हाच दोष दिसत नाही; तीन छिद्रांची खुंटी घेतल्यास तो उघड होतो. दंडासाठी व्ही-आकाराचा ठोकळा चालतो, पण उंचवट्यांच्या संख्येनुसार ठोकळ्याचा कोन बदलावा लागतो. गोलाई मोजणारे स्वतंत्र यंत्र असल्यास ही अडचण उरत नाही.

व्यवहारात कवचाचे भोक प्रथम पुरे करणे सोयीचे पडते. मग त्याच खोलीत, त्याच स्लिप गेजांच्या आधाराने दंड मोजीत मोजीत तो भोकाला जुळवून घासतात; गेजांमध्ये अल्पशी चूक असली तरी ती दोन्ही मापांत सारखीच येते आणि वजाबाकीत नाहीशी होते.