उलटी आधी की कळ आधी? : अन्ननलिकेचे आपोआप फाटणे (लेखांक नववा)

अन्ननलिका ही घशापासून जठरापर्यंत जाणारी, प्रौढ माणसात सुमारे 25 सेंटीमीटर लांबीची स्नायुमय नळी असून, जठराला व आतड्यांना बाहेरून जे पातळ पण चिवट आवरण असते, ते तिला नसते. जोराच्या उलटीच्या वेळी घशाकडचे तोंड मिटलेले राहिले आणि जठरातून उसळलेल्या अन्नाचा दाब नळीतच कोंडला, तर तिची भिंत उभी चिरते. ही चीर बहुधा जठराच्या किंचित वर, डावीकडे व मागच्या अंगास पडते. बाहेरून इजा झालेली नसते म्हणून या विकाराला 'आपोआप फाटणे' म्हणतात, तरी शब्द फसवा आहे, कारण फाडण्याचे काम उलटीच करते.

या विकाराचे पहिले सविस्तर वर्णन लायडनचे वैद्य हेर्मान बूरहावे यांनी 1724 मध्ये प्रसिद्ध केले. डच आरमाराचे सेनानी बॅरन वासेनार यांना भरपेट जेवणानंतर औषध घेऊन उलटी काढण्याची सवय होती. 1723 मध्ये अशाच एका प्रयत्नात त्यांच्या छातीत असह्य कळ उठली आणि काही तासांतच त्यांचा अंत झाला. शवविच्छेदनात छातीची पोकळी उघडताच बदकाच्या मांसाचा वास आला व फाटलेली अन्ननलिका दिसली. रुग्ण जिवंत असताना बूरहावे यांच्यासारख्या विख्यात वैद्यालाही निदान झाले नाही, ही गोष्ट आजच्या डॉक्टरांनीही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

श्वास घेताना छातीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होत असल्याने प्रत्येक श्वासागणिक लाळ, आम्ल, अन्नकण व जंतू त्या चिरेतून हृदयाभोवतालच्या जागेत आणि पुढे फुप्फुसाच्या आवरणात ओढले जातात, आणि तेथे पेटलेला जंतुसंसर्ग रक्तात पसरून रक्तदाब कोसळतो. उलटी, छातीतील कळ आणि मानेच्या कातडीखाली शिरलेली हवा (बोट दाबले की ती कुरकुरते) या तीन लक्षणांचा मेळ मॅकलर यांनी 1952 मध्ये नोंदवला. मात्र तिन्ही एकत्र दिसतातच असे नाही, आणि येथेच घोटाळा होतो. छातीत कळ व घाम पाहून हृदयविकाराचा झटका समजला जातो, आणि गुठळी विरघळवणारे औषध दिले गेले तर अनर्थ ओढवतो. म्हणून एक साधा प्रश्न विचारलाच पाहिजे : उलटी आधी झाली की कळ आधी आली? झटक्यात बहुधा कळ आधी येते व मळमळ मागून. अन्ननलिका फाटल्यास जोराची उलटी आधी होते व कळ मागून येते. या उत्तराने ईसीजी टाळता येत नाही, पण छातीच्या एक्स-रेत डावीकडे पाणी किंवा हृदयाच्या कडेने हवा शोधण्याची दृष्टी मिळते. खात्री सी.टी. स्कॅनने, तसेच पाण्यात विरघळणारे रंगद्रव्य गिळायला देऊन होते. छातीतून काढलेल्या पाण्यात अन्नकण सापडले, तर शंकेला जागा उरत नाही.

उपचारात तोंडाने काहीही न देणे, शिरेवाटे सलाईन व प्रतिजैविके, आणि छातीतील घाण बाहेर काढणारी नळी यांना प्रारंभीच स्थान आहे. त्यानंतर छाती उघडून, मृत भाग काढून चीर शिवतात व टाक्यांवर शेजारच्या स्नायूचे ठिगळ लावतात. अशा पहिल्या यशस्वी शस्त्रक्रियांपैकी एक नॉर्मन बॅरेट यांनी 1947 मध्ये प्रसिद्ध केली, म्हणजे बूरहावे यांच्या वर्णनानंतर दोन शतकांहून अधिक काळाने. निवडक रुग्णांत दुर्बिणीतून जाळीची नळी बसवूनही चीर झाकता येते. पहिल्या 24 तासांत उपचार झाले तर आशा पुष्कळ असते. पुढे कडा सुजून टाके धरत नाहीत.

बुलढाणा जिल्ह्यात हे 24 तास रस्त्यावरही खर्च होतात. घाटाखालच्या खामगाव-शेगावच्या रुग्णाला अकोला जवळ पडते, तर घाटावरच्या चिखली-देऊळगाव राजाकडच्या रुग्णाला छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागते. म्हणून संशय येताच, निदान पुरते सिद्ध होण्याची वाट न पाहता, 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणे हेच योग्य. कपाशीच्या या पट्ट्यात फवारणीचे औषध पोटात गेले की मिठाचे पाणी पाजून वा घशात बोटे घालून उलटी काढायला लावतात. तो उपाय विषबाधेतही घातक आहे आणि अन्ननलिकेवरही नाहक ताण आणतो. रुग्णासोबत जाणाऱ्या चिठ्ठीवर उलटी किती वाजता झाली, कळ किती वाजता उठली आणि शेवटचे खाणे-पिणे केव्हा झाले, एवढे तरी लिहावे, आणि वाटेत घोटभर पाणीही पाजू नये.