कोणत्या कामाची घाई करायची?

मे महिन्याच्या सुट्टीत शाळेच्या दोन खोल्यांचे कौलारू छप्पर काढून पत्रे घालायचे आहेत, असे समजा. काम १० मे रोजी सुरू होणार. ७ जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागते, आणि भिंती उघड्या असताना पाऊस आला तर काय होते हे कोकणातल्या शिक्षकांना सांगायला नको. काम वेळेत होईल का, हे आधीच कसे ओळखायचे?

प्रथम कामे आणि त्यांना लागणारे दिवस मांडू. जुनी कौले व वासे उतरवायला ४ दिवस. मग भिंतींच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा ओतायला ५ आणि त्यावर पाणी मारत राहायला ७ दिवस. त्यानंतर लोखंडी सांगाडा उभा करायला ४, पत्रे चढवायला ३, वायरिंगला ३ आणि रंगाला ५. याशिवाय दोन कामे स्वतंत्रपणे पहिल्याच दिवशी सुरू करता येतात. एक म्हणजे लोखंड व पत्रे मागवणे. माल यायला १२ दिवस लागतात. दुसरे बाकांची दुरुस्ती, १० दिवस. सगळी बेरीज ५३ दिवस होते; पण इतके दिवस लागणार नाहीत, कारण काही कामे एकाच वेळी चालतात.

आता प्रत्येक कामाविषयी एकच प्रश्न विचारायचा: याच्याआधी काय पुरे झालेच पाहिजे? सांगाड्यासाठी दोन गोष्टी हव्यात, पट्टा पक्का झालेला हवा आणि माल आलेला हवा. पट्टा १६ व्या दिवशी तयार होतो, माल १२ व्या. जे उशिरा होते ते धरायचे. म्हणून सांगाडा १७ व्या दिवशी सुरू होईल. असे पुढे मोजत गेलो की पत्रे २३ व्या दिवशी, म्हणजे १ जूनला चढतात, आणि रंग ३१ व्या दिवशी, ९ जूनला पुरा होतो.

मग शेवटाकडून मागे यायचे. माल १६ व्या दिवसापर्यंत आला तरी चालतो. म्हणजे तो मागवायला ४ दिवसांची सवड आहे. बाकांना तर २१ दिवसांची सवड आहे. उतरवणे, पट्टा, पाणी, सांगाडा, पत्रे, वायरिंग, रंग या साखळीत मात्र सवड शून्य. यातले कोणतेही काम एक दिवस लांबले की सारे काम एक दिवस लांबते. सुरुवातीपासून शेवटापर्यंतच्या या सर्वांत लांब वाटेला क्रिटिकल पाथ, आपण निर्णायक मार्ग म्हणू, असे नाव आहे.

निर्णायक म्हणजे अवघड किंवा खर्चिक नव्हे. पाणी मारणे हे या यादीतले सर्वांत स्वस्त काम. पण ते निर्णायक मार्गावर आहे आणि दहा गवंडी आणले तरी सात दिवसांचे पाच होत नाहीत. उलट सर्वाधिक पैसा ज्यात जातो ती मालाची खरेदी या मार्गावर नाही. निदान अजून तरी नाही! कोटेशनच्या कागदपत्रांत दहा दिवस गेले, तर ४ दिवसांची सवड संपून सहा दिवस उशीर होतो आणि पत्रे चढायला ७ जून उजाडतो.

ही पद्धत १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पाँट या रसायन कंपनीतील मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या संगणक कंपनीतील जेम्स केली यांनी विकसित केली. आकडेमोड युनिव्हॅक संगणकावर होत असे. लुईव्हिल येथील कारखान्यात देखभालीसाठी यंत्रे बंद ठेवावी लागत, आणि बंदचा प्रत्येक तास म्हणजे बुडालेले उत्पादन. या पद्धतीमुळे तेथील बंदचा सरासरी काळ १२५ तासांवरून शंभराच्या आत आला.

काम उशिरा चालले आहे असे दिसताच सगळ्यांनाच हाकारे घालण्याची आपली सवय असते. त्यात पैसा वाया जातो. बाकांवर दुप्पट सुतार लावून एकही दिवस वाचत नाही. उतरवण्याला जादा मजूर लावून ४ चे २ दिवस केले, तर मात्र ३१ चे २९ होतात. मग पट्ट्यालाही माणसे वाढवून ५ चे २ केले, तर आणखी ३ दिवस वाचतील असे वाटते, वाचतात दोनच. कारण आता पट्टा ११ व्या दिवशी तयार, पण माल १२ व्या दिवशी येणार. निर्णायक मार्ग बदलला! यापुढचा जादा रुपया गवंड्याला देण्यात अर्थ नाही, तो ट्रकवाल्याला द्यावा. म्हणून प्रत्येक बदलानंतर गणित पुन्हा मांडावे लागते.

पद्धतीच्या मर्यादाही आहेत. दिवसांचे अंदाजच चुकले तर उत्तर चुकणार. १९५८ साली अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी पर्ट ही जुळी पद्धत तयार केली. तिच्यात प्रत्येक कामाचे तीन अंदाज घेतात. माल लवकरात लवकर १० दिवसांत, बहुधा १२ आणि फारच रखडला तर २० दिवसांत येईल असे असेल, तर १० + (४ × १२) + २० = ७८; भागिले ६, म्हणजे १३ दिवस धरायचे. दुसरी अडचण माणसांची. वासे उतरवणारा आणि बाके दुरुस्त करणारा सुतार एकच असेल, तर कागदावर एकत्र चालणारी कामे प्रत्यक्षात चालणार नाहीत. येथे बाकांची सवड उपयोगी पडते. ती पाचव्या दिवसापासून घेता येतात.

आठवी-नववीच्या वर्गात हे करून पाहता येईल. स्नेहसंमेलनाचे एकेक काम एकेका पुठ्ठ्यावर दिवसांसह लिहा, पुठ्ठे जमिनीवर मांडून मुलांना खडूने बाण काढू द्या. बाणांवरून मुले हमखास भांडतात: पोशाख ठरल्याशिवाय तालीम सुरू होते की नाही? ते भांडण मिटू द्या, मगच बेरजा सुरू करा.