गिटार ॲम्प्लिफायरचे पॉवर व्हॉल्व्ह : निवड आणि बदल

व्हॉल्व्हच्या गिटार ॲम्प्लिफायरमध्ये पिकअपकडून आलेला क्षीण संदेश आधी छोटे प्रीॲम्प व्हॉल्व्ह वाढवतात. स्पीकर हलवण्याची ताकद त्याला पॉवर व्हॉल्व्ह देतात. हे दुसरे जास्त तापतात, म्हणून झिजतातही लवकर. रोज जोरात वाजणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये ते एक-दोन वर्षांत थकतात, घरगुती वापरात बरीच वर्षे टिकतात.

गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या झाडीपट्टीत रात्रभर नाटके चालतात. तिथल्या मंडपांना ॲम्प्लिफायर नवा नाही. ट्रान्झिस्टर रुळण्यापूर्वी कुठल्याही भोंग्यामागे व्हॉल्व्हच असे, आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये तयार झालेले व्हॉल्व्ह रेडिओच्या दुकानांत मिळत. आता व्हॉल्व्ह उरला आहे तो मुख्यतः गिटारवाल्यांकडे आणि काही हौशी श्रोत्यांकडे. गोंदियात नवी जोडी बहुधा पार्सलनेच मागवावी लागते. म्हणून मागवण्याआधी काय हवे ते नेमके ठाऊक असलेले बरे.

व्हॉल्व्ह खरेच बदलायला आले आहेत का, हे आधी पाहावे. आवाज मलूल होणे, खर्ज ढिला पडणे, गुणगुण वाढणे, फ्यूज वारंवार जाणे ही लक्षणे. आतली धातूची पट्टी, म्हणजे प्लेट, लालबुंद झाली, तर ॲम्प्लिफायर तत्काळ बंद करावा. काचेच्या माथ्यावरचा चंदेरी थर पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे. तो व्हॉल्व्ह संपला. काचेच्या आतल्या बाजूला दिसणारी निळसर झाक मात्र निरुपद्रवी असते. तिला घाबरून अनेक चांगले व्हॉल्व्ह कचऱ्यात गेले आहेत.

निवडीचा पहिला नियम साधा : ॲम्प्लिफायर ज्या क्रमांकासाठी बनला, तोच घ्यावा. व्हॉक्स एसी३० मध्ये चार ईएल८४ असतात. फेंडरच्या लहान ॲम्प्लिफायरमध्ये ६व्ही६, मोठ्यांत ६एल६. मार्शलचा ओळखीचा खरखरीत आवाज ईएल३४ चा. ६एल६ आणि ईएल३४ एकाच आठ पायांच्या सॉकेटात बसतात, इथेच फसगत होते. ६एल६ ला आतून तापवणाऱ्या हीटरला ०.९ अँपिअर लागतो, ईएल३४ ला १.५. हा जादा भार पॉवर ट्रान्सफॉर्मरवर पडतो. शिवाय पहिल्या पायाची जोडणीही वेगळी असते.

डब्यावरच्या नावाला फार भुलू नये. जगात असे व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने मोजकेच आहेत : रशियात साराटोव्हला, स्लोव्हाकियात जेजे, आणि चीनमध्ये काही. टंग-सोल, मुलार्ड ही जुनी अमेरिकन आणि इंग्रज नावे आज साराटोव्हच्या मालावर छापली जातात. नावापेक्षा जोडी जुळवलेली असणे, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह जवळपास सारखाच प्रवाह घेणारे असणे, जास्त मोलाचे.

खरे कौशल्य बायसमध्ये आहे. उभ्या ट्रॅक्टरचे इंजिन किती वेगाने फिरत ठेवायचे, तसा हा प्रकार : संगीत नसताना व्हॉल्व्हमधून किती प्रवाह वाहू द्यायचा, हे बायस ठरवतो. एसी३० सारख्या कॅथोड बायसच्या रचनेत तो आपोआप सांभाळला जातो. तिथे जुळलेला संच बसवला की बहुतेक काम झाले. स्थिर बायसच्या ॲम्प्लिफायरमध्ये तो मोजून लावावा लागतो. प्रचलित ठोकताळा कमाल क्षमतेच्या ७० टक्क्यांचा. ईएल३४ ची क्षमता २५ वॉट, म्हणजे १७.५ वॉट, प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर प्रत्येक व्हॉल्व्हला सुमारे ३९ मिलिअँपिअर. तेवढ्याच दाबावर ३० वॉटच्या ६एल६जीसीला सुमारे ४७.

हा हिशेब घरातल्या वीजदाबावर हलतो. तिरोड्यात ३,३०० मेगावॉटचे वीजकेंद्र उभे असले, तरी खेड्यातल्या रोहित्रावर पंपांचा भार चढला की दाब उतरतो आणि पंप थांबले की वाढतो. २३० चे २५५ व्होल्ट झाले, तर ६.३ व्होल्टचा हीटर जवळजवळ ७ व्होल्टवर जातो, प्लेटचा दाबही त्याच प्रमाणात चढतो. म्हणून वीजदाब चढा असताना बायस तपासावा, किंवा स्टॅबिलायझर वापरावा. मे महिन्याच्या उकाड्यात व्हॉल्व्हची उष्णता बाहेर पडावी, म्हणून ॲम्प्लिफायरची पाठ भिंतीला टेकवू नये.

बदलताना प्लग काढून व्हॉल्व्ह पूर्ण निवू द्यावेत. सरळ वर ओढावे, काच पिळू नये. आठ पायांचा नवा बसवताना मधल्या खुंटीचा उंचवटा सॉकेटच्या खाचेशी जुळवावा. बायससाठी पेटी उघडावी लागत असेल, तर ते काम जाणकाराचेच : प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात आणि ते जीव घेऊ शकतात. सॉकेटात बसणारे बायस-प्रोब वापरले तर मोजणी बाहेरूनच होते.

पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी स्पीकर जोडलेला असलाच पाहिजे. नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तो नव्या जोडीहून बराच महाग पडतो. आवाज शून्यावर ठेवून प्लेट लाल होत नाही ना, हे काही मिनिटे पाहावे. अर्ध्या तासाने बायस पुन्हा मोजावा, कारण व्हॉल्व्ह तापल्यावर प्रवाह थोडा सरकतो.