नाव आठवत नाही, जागा आठवते

ऑफिसात कोणालाही 'गेल्या वर्षीचं कोटेशन काढून दे' असं सांगा आणि त्याच्या खुर्चीमागे उभं राहून बघा. सर्चच्या चौकटीत तो सहसा काही टाइप करत नाही. माउस डावीकडच्या पट्टीवर जातो, तिथून डी ड्राइव्ह, मग एक फोल्डर, त्याच्या पोटातला दुसरा, आणि यादी खाली सरकवताना नजर एका ओळीवर अडते. फाइलचं नेमकं नाव विचारलंत तर सांगता येणार नाही. ती इथेच होती, याची मात्र त्याला खात्री असते.

इस्रायलच्या बार-इलान विद्यापीठातले ऑफर बर्गमन आणि त्यांचे सहकारी या सवयीचा बरीच वर्षं अभ्यास करत आहेत. संगणकातलं सर्च वेगवान झालं की लोक फोल्डरांचा नाद सोडतील, अशी अनेकांची अटकळ होती. ती खरी ठरली नाही. सर्च सुधारूनही लोक फोल्डर उघडत उघडतच जातात आणि जागा आठवेनाशी झाली तरच सर्चकडे वळतात, असं त्यांच्या 2008 मधल्या शोधनिबंधात दिसलं. पुढे 2015 मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात आलेला प्रयोग आणखी रंजक आहे. फायली शोधणाऱ्यांच्या मेंदूचं एफएमआरआय यंत्राने चित्रण केलं, तेव्हा फोल्डरांतून वाट काढताना मेंदूचे तेच भाग जागे झालेले दिसले, जे गावातून, इमारतीतून वाट शोधताना काम करतात. सर्चमध्ये शब्द टाइप करताना मात्र भाषेशी जोडलेला डाव्या बाजूचा पुढचा भाग कामाला लागला. हे पटण्यासारखं आहे. बोलता बोलता आपण ओळखीच्या गल्लीत बरोबर वळतो, पण बोलता बोलता दुसरा शब्द आठवणं जड जातं.

मग फाइल ब्राउझरच्या विंडोची मांडणी बदलणं हा निव्वळ सजावटीचा भाग उरत नाही. कुठली वस्तू कुठे दिसेल, ती तिथेच राहील की नाही, हा प्रश्न थेट या वाट शोधणाऱ्या मेंदूशी जोडलेला आहे. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांच्या जागा कोणी रोज बदलल्या तर स्वयंपाक करणारी व्यक्ती काय बोलेल, ते छापता येणार नाही. संगणकावर मात्र हे सर्रास घडतं.

1984 मध्ये पहिल्या मॅकिंटॉशसोबत आलेला 'फाइंडर' हा फाइल ब्राउझर या बाबतीत फार काटेकोर होता. ब्रूस हॉर्न आणि स्टीव्ह कॅप्स यांनी तो लिहिला. एका फोल्डरची एकच विंडो. तुम्ही ती स्क्रीनच्या ज्या कोपऱ्यात, जेवढ्या आकाराची सोडाल, तिथे तशीच पुन्हा उघडायची. आतली चित्रंही ठेवल्या जागी. पण तेव्हा फायली मूठभर होत्या. फोल्डरात फोल्डर असे सहा-सात थर झाले की स्क्रीनवर विंडोंची गर्दी उसळते. 2004 मध्ये लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपने आपल्या 'नॉटिलस' या फाइल ब्राउझरमध्ये हीच जुनी पद्धत पुन्हा आणली, लोकांनी डोक्याला हात लावला, आणि 2010 मध्ये ग्नोमने ती मुकाट मागे घेतली. डावीकडे फोल्डरांची पट्टी, उजवीकडे आतली यादी, ही आजची मांडणी या गर्दीवरचा उतारा ठरते. मला स्वतःला 1986 च्या 'नॉर्टन कमांडर'ची दोन शेजारी पट्ट्यांची रचना सर्वांत शहाणी वाटते. फाइल हलवायची म्हणजे 'कुठून' आणि 'कुठे' ही दोन्ही ठिकाणं एकदम डोळ्यांसमोर हवीत. त्याच रचनेचा 'टोटल कमांडर' वापरणारे लोक आजही दुसऱ्या कशाला हात लावत नाहीत, ते उगीच नाही.

सगळ्यांत जास्त घोळ घालतो तो विंडोजचा एक मदतीचा उत्साह. फोल्डरात काय आहे हे पाहून विंडोज त्याला पाचांपैकी एका प्रकारात बसवतं: सर्वसाधारण, कागदपत्रं, चित्रं, संगीत, व्हिडिओ. प्रत्येक प्रकाराचे स्तंभ वेगळे, दिसणं वेगळं. सोसायटीच्या सेक्रेटरीने पावत्यांच्या फोल्डरात मोबाइलने काढलेले बिलांचे फोटो भरले, की एके दिवशी विंडोज ठरवतं, हा फोटोंचा अल्बम आहे. तारखेनुसार लावलेली नेटकी यादी जाते आणि पुसट पांढऱ्या कागदांचे मोठाले चौकोन समोर येतात. त्यातली कुठली पावती पाण्याच्या टँकरची आणि कुठली लिफ्टवाल्याची, ते कपाळावर आठ्या घालून बघायचं. उपाय साधा आहे. फोल्डरवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, त्यातला 'कस्टमाइझ' टॅब, तिथे 'जनरल आयटम्स' निवडायचं आणि आतल्या फोल्डरांनाही हेच लागू करा, अशी खूण करायची. मग एका फोल्डरात हवे तेवढेच स्तंभ ठेवून 'फोल्डर ऑप्शन्स'मधल्या 'व्ह्यू' टॅबवर 'अप्लाय टू फोल्डर्स' दाबलं, की त्या प्रकारच्या सगळ्या फोल्डरांना तीच शिस्त लागते. मॅकवर हेच काम कमांड आणि जे दाबून उघडणाऱ्या चौकटीतलं 'यूज अ‍ॅज डिफॉल्ट्स' करतं.

डाउनलोड्सची गोष्ट याहून गमतीची. 2019 च्या एका अपडेटपासून विंडोज 10 त्या फोल्डरातल्या फायली 'आज', 'काल', 'गेल्या आठवड्यात' अशा गटांत मांडू लागलं. त्यामुळे आजमधली फाइल उद्या कालमध्ये जाते आणि काही दिवसांनी आणखी खाली घसरते. तुम्ही तिला हात न लावता तिची जागा बदलते. मोकळ्या जागी राइट-क्लिक करून 'ग्रुप बाय' मध्ये 'नन' केलं की हे थांबतं.

ही सगळी मांडणी संगणक लक्षात ठेवतो कुठे? मॅक त्या-त्या फोल्डरात 'डीएस स्टोअर' नावाची एक लपलेली फाइल टाकतो. मॅकवर भरलेला पेनड्राइव्ह विंडोजला लावल्यावर जागोजागी दिसणारी ती टिंबापासून सुरू होणारी फाइल म्हणजे व्हायरस नव्हे, ती मॅकने मांडणीची केलेली नोंद. विंडोज हीच माहिती रजिस्ट्री या आपल्या सेटिंगांच्या कोठारात ठेवतं. तिला तज्ज्ञ 'शेलबॅग' म्हणतात आणि सायबर गुन्ह्यांचा तपास करणाऱ्यांना ती फार प्रिय आहे. कारण फोल्डर पुसून टाकला, पेनड्राइव्ह काढून नेला, तरी तो फोल्डर कधी तरी या संगणकावर उघडला होता, ही नोंद मागे राहू शकते. विंडोची रुंदी लक्षात ठेवण्याच्या नादात संगणक साक्षीदार होऊन बसतो.

लोक मांडणी बदलतात तरी कधी? संशोधक वेंडी मॅके यांनी एमआयटीतल्या 'प्रोजेक्ट अथीना' या संगणक-प्रकल्पाच्या 51 वापरकर्त्यांचा अभ्यास करून 1991 मध्ये त्याचं उत्तर दिलं, आणि ते अजून शिळं झालेलं नाही. नवं सॉफ्टवेअर आलं की ते जुन्यासारखं वागावं, यासाठी लोक सेटिंग बदलतात. हौसेने नव्हे, आपली लागलेली सवय वाचवण्यासाठी. विंडोज व्हिस्टाने एक पायरी वर नेणारं 'अप' बटण काढून टाकलं, तेव्हा ते परत मिळावं म्हणून लोकांनी 'क्लासिक शेल' नावाचा प्रोग्रॅम उतरवून घेतला. 2012 मध्ये विंडोज 8 ने ते बटण पुन्हा जागेवर आणलं. त्याच्या आदल्या वर्षी मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोरर या विंडोजच्या फाइल ब्राउझरच्या वापराचे आकडे जाहीर केले होते. शेकडो आज्ञांपैकी फक्त 10 आज्ञांनी 80 टक्क्यांहून अधिक काम भागत होतं, आणि निम्म्याहून जास्त आज्ञा राइट-क्लिकच्या यादीतून दिल्या जात होत्या. वरच्या पट्टीकडे फारसं कोणी बघतच नव्हतं. त्यावर कंपनीने काय केलं? वरची पट्टी आणखी मोठी केली. ती 'रिबन' 2021 मध्ये विंडोज 11 ने काढली.

पट्टी, रंग, चित्रांचा आकार याबद्दल ज्याची त्याची आवड. एका सेटिंगबाबत मात्र मी आग्रही आहे, आणि ते जागेचं नसून काय दिसावं याचं आहे. फाइलच्या नावातलं शेवटचं शेपूट, म्हणजे टिंबानंतरची अक्षरं, विंडोज मुळात लपवून ठेवतं. मे 2000 मध्ये 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस फिलिपिन्समधून निघून जगभर पसरला, तो याच आडोशाने. ईमेलला जोडलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी 'टीएक्सटी' आणि त्यापुढे 'व्हीबीएस' असं होतं. विंडोजने खरं शेपूट झाकलं, उरलेल्या 'टीएक्सटी'वरून ती साधा मजकूर वाटली, आणि लोकांनी डबल-क्लिक केलं. पीडीएफचा मुखवटा घालून येणाऱ्या 'ईएक्सई' फायली आजही तीच युक्ती वापरतात. विंडोज 11 मध्ये एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूत 'शो' आणि त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' आहे. नव्या संगणकावर ती खूण लागलेली नसते.