परसातली उन्हाळी पेरणी

शिवारात १० एकर सांभाळणारा गडी परसातल्या दोन वाफ्यांचे नाव काढले की तोंड फिरवतो. ‘ते बायकांचे काम’ म्हणतो आणि वैशाखात दोडकी बाजारातून आणतो. तोवर भांडी विसळलेले पाणी मोरीतून वाहूनच जाते.

खरे म्हणजे बी उगवत नाही, म्हणून उत्साह मावळतो. कारली, दोडका, भोपळा यांच्या बियांना २५ ते ३० अंशांची ऊब लागते. माघातल्या गार रात्री उघड्या वाफ्यात टोकलेले बी कुजते आणि दोष येतो बियाण्यावर.

यंदा दुधाच्या रिकाम्या पिशव्या घ्या. खाली भोके पाडा, निम्मी माती, निम्मे कुजलेले शेणखत भरा. कारल्याचे बी टणक. रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधा. मग पिशवीत दोन बिया, बोटाच्या पेराएवढ्या खोल. पिशव्या पडवीत भिंतीलगत ठेवा, रात्री गोणपाट टाका. उगवताच मात्र उन्हात काढा. दोन-चार खरी पाने फुटली की मातीचा गड्डा न फोडता आळ्यात लावा. गवार-भेंडीला हा खटाटोप नको. थंडी सरल्यावर ती थेट वाफ्यातच टोकावी.

कोवळ्या पानांवर तांबडे भुंगेरे येतील. सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात, तेव्हाच वेचून साबणाच्या पाण्यात बुडवा.

पहिली फुले बहुधा नराची, ती गळणारच. घाबरून वेल उपटू नका. फुलामागे इवलेसे दोडके दिसले की ते मादीचे फूल समजा.