तीन बोटांचा हातमोजा

१९ जुलै १५४५ रोजी इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचं ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज पोर्ट्समथजवळच्या समुद्रात बुडालं. राजा किनाऱ्यावरून ते पाहत होता. चार शतकांहून अधिक काळाने पाणबुड्यांनी तिथला गाळ उपसला, तेव्हा १३७ अखंड धनुष्यं आणि साडेतीन हजारांवर बाण हाती लागले. त्या धनुष्यांचा अभ्यास करणाऱ्यांच्या अंदाजाने ती ओढायला शंभर पौंडांच्या पुढेच जोर लागत असे, काहींना त्याहून बराच जास्त. हा सगळा भार यायचा कुठे, तर उजव्या हाताच्या तीन बोटांच्या पेरांवर.

त्याच १५४५ साली रॉजर अ‍ॅस्कम नावाच्या केंब्रिजच्या तरुण पंडिताने याच हेन्रीला एक पुस्तक अर्पण केलं. नाव ‘टॉक्सोफिलस’, विषय धनुर्विद्या, आणि भाषा विद्वानांच्या लॅटिनऐवजी साधी इंग्रजी. राजाने खूश होऊन त्याला सालीना दहा पौंडांचं वेतन बांधून दिलं. पुढे हाच अ‍ॅस्कम राजकन्या एलिझाबेथचा शिक्षक झाला. या पुस्तकात हातमोज्यावर एक छोटा भाग आहे, आणि तो वाचताना माणूस स्वतः बोटं सोलून घेऊन मग लिहायला बसला असावा अशी खात्री पटते. त्याची पहिली तक्रार नव्या मोज्याबद्दल. दोरी त्यावरून मोकळी सुटत नाही, म्हणून नवा मोजा पुष्कळ नेम बिघडवतो. तेव्हा त्याची बोटांवरची टोपणं आखूड कापा आणि दोरी घसरेल असं काही मलम त्याला चोळा, असं तो सांगतो. पावणेपाचशे वर्षांनंतरही दुकानातून नवा मोजा घरी आणणाऱ्याला पहिल्या आठवड्यात नेमका हाच अनुभव येतो.

हिवाळी हातमोज्याशी या वस्तूचं नातं फक्त नावाचं. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका यांच्या टोकांवर बसणारी चामड्याची तीन टोपणं, शिंप्याच्या अंगुस्तानाची लांबुडकी भावंडंच म्हणा ना. प्रत्येक टोपणाला मागे एक पट्टी. तिन्ही पट्ट्या हाताच्या पाठीवरून मनगटाकडे जाऊन एका पट्ट्याला मिळतात. तळहात उघडाच. अंगठा आणि करंगळी यांना या व्यवहारात स्थान नाही.

काम मात्र अवघड. पंचेचाळीस पौंडांचं धनुष्य म्हणजे सुमारे वीस किलोंचा ताण. वीस किलोंची पिठाची गोणी दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या दोरीला बांधून तीन बोटांच्या पहिल्या सांध्यात अडकवली तर जे होईल, ते प्रत्येक बाणाला होतं. शंभर बाण मारले की शंभर वेळा. उघड्या बोटांनी सराव करणारे हट्टी लोक आहेत. त्यातल्या काहींच्या बोटांना नंतर बधिरपणा येतो, कारण पेराच्या त्या जागी कातडीखाली मज्जातंतू अगदी वरवर असतात.

तरीही बोटं वाचवणं हे मोज्याचं निम्मंच काम आहे. उरलेलं निम्मं दोरी सोडण्याच्या क्षणाचं. बघणाऱ्याला वाटतं, तिरंदाज बोटं उघडतो आणि दोरी सुटते. पण दोरीच्या वेगाने बोटं उघडणं कुणालाच शक्य नाही. बोटं फक्त ढिली पडतात, आणि दोरी त्यांना बाजूला ढकलून स्वतःची वाट काढते. जाताना ती बोटांवरून घरंगळते, त्यामुळे सरळ पुढे न जाता किंचित आडवी हलते आणि बाणही वाकून मग सरळ होतो. ही आडवी हालचाल दरवेळी सारखी असेल तर नेम जमतो. चामडं एकदा चिकटलं, एकदा सोडलं, की संपलं. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण अशा वेळी बहुधा डावीकडे जातो आणि तो बिचारा धनुष्याला दोष देतो.

म्हणून मापाचा प्रश्न येतो. कोल्हापुरी चप्पल घेताना मुरलेलं गिऱ्हाईक जराशी घट्टच घेतं, कारण चामडं सैल होणार हे त्याला ठाऊक असतं. चार दिवस चप्पल चावते आणि मग पायाची होते. मोज्याचंही असंच, फक्त इथे चुकीला जागा कमी. बोटाचं टोक टोपणाच्या टोकाला टेकलंच पाहिजे. मधे पोकळी राहिली तर ते रिकामं टोक दुमडतं आणि दोरी त्याला अडखळते. अ‍ॅस्कम टोपणं आखूड करायला सांगतो ते हेच अडखळणं टाळण्यासाठी. घरी करायचं तर धारदार रापी हवी आणि शिवण उसवणार नाही एवढं भान. उलट टोपण फार घट्ट असेल तर अर्ध्या तासात बोट निळसर पडतं. नखं वाढलेली असताना माप घेऊ नये. सकाळच्या थंड बोटांवरही घेऊ नये. सरावात बोटं गरम होतात आणि फुगतात.

मापाच्या छापील तक्त्यांवर फार भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. ते बहुधा तळहाताचा घेर विचारतात, आणि तळहात भरदार पण बोटं सडपातळ असलेली माणसं कमी नाहीत. शिवाय एकाच हाताची तीन बोटं जाडीला सारखी नसतात. चांगला कारागीर प्रत्येक बोटाचं माप वेगळं घेतो.

मनगटाच्या पट्ट्याची एक बारीक खोच आहे. नवशिका हात सरळ पसरून पट्टा आवळतो. मग दोरीला बोटं अडकवली की बोटं वाकतात, हाताच्या पाठीवरचं अंतर वाढतं, पट्ट्या ताणल्या जातात आणि टोपणं बोटांवरून मागे खेचली जातात. पट्टा बांधायचा तो बोटं आकड्यासारखी वाकवून. फार ढिला ठेवला तर दोरी सुटताना एखादं टोपण तिच्याबरोबर निघू पाहतं, हेही तितकंच खरं.

आता मोजा मुरवणं. या कामाला घाई चालत नाही आणि तेल तर मुळीच चालत नाही. नवं चामडं कडक लागलं की हात पहिला तेलाच्या बाटलीकडे जातो. चपलेला तेल ठीक, कारण तिथे मऊपणाच हवा असतो. मोज्याला आतून मऊ आणि बाहेरून टणक राहायचं असतं. तेलात भिजलेलं टोपण पिठाच्या गोळ्यासारखं होतं. दोरी त्यात रुतते आणि रुतलेली दोरी सुटत नाही. त्यापेक्षा टोपणं ओल्या फडक्याने जेमतेम दमट करायची, मोजा चढवायचा, हलक्या धनुष्याची दोरी सांध्यात घेऊन अर्धवट ओढायची आणि तशीच हळूहळू परत न्यायची. हे पाच-पंचवीस वेळा. बाण न लावता ओढलेली दोरी सोडून मात्र कधीच द्यायची नाही; बाणात जाणारी सगळी ताकद तेव्हा धनुष्यातच जिरते आणि ते तडकू शकतं. मोजा हातातच वाळू द्यायचा. उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवलेलं दमट चामडं आक्रसतं आणि पापडासारखं होतं.

वाळल्यावर बाहेरच्या बाजूला टाल्कम पावडरचा हात फिरवायचा, किंवा मेण घासून फडक्याने चकाकवायचं. मग पाच पावलांवर गवताचा भारा ठेवून, त्याच्यावर कसलंही लक्ष्य न लावता, बाण मारत राहायचं. लक्ष्य नसल्यामुळे मन नेमाकडे जात नाही, बोटांकडेच राहतं. दोन-तीनशे बाणांनंतर चामड्यावर एक फिकट, चकचकीत रेघ उमटते. दोरीने आपली जागा धरलेली असते.

ही रेघ वाचता येते, आणि मोज्याचा खरा उपयोग इथे सुरू होतो असं म्हटलं तरी चालेल. अ‍ॅस्कमचं म्हणणं असं, की सगळा भार तर्जनी आणि अनामिका उचलतात आणि मधलं लांब बोट आळशासारखं मागे सरकून बसतं. म्हणून त्या दोन बोटांना चामडं जाड हवं. आजचे प्रशिक्षक बहुतेक उलट सांगतात: मधल्या बोटाने सर्वांत जास्त ओढावं, अनामिकेने फक्त साथ द्यावी. कोण बरोबर, या वादात पडण्याआधी आपला मोजा उलटून पाहावा. रेघ सर्वांत खोल कुठे आहे, ती तिन्ही टोपणांवर एका ओळीत आहे की तिरपी, सांध्यात आहे की टोकाकडे घसरली आहे, हे सगळं चामड्यावर लिहिलेलं असतं. तिथे थापा चालत नाहीत.

पण रेघेची खोबण झाली की मोज्याचं म्हातारपण सुरू होतं. खोलगट खोबणीत दोरी अडकून बसते, सुटताना काठावर आपटते. कातड्याची निवड इथे महत्त्वाची ठरते. हरणाचं कातडं हाताला गोड लागतं, पण लवकर खोबण धरतं. गाईचं जाड चामडं मुरायला वेळ घेतं आणि टिकतं. सर्वांत मानाचं आहे कॉर्डोव्हन: घोड्याच्या पुठ्ठ्याच्या कातड्यात दडलेला, छिद्रं न दिसणारा दाट थर. शिकागोच्या हॉर्वीन या १९०५ पासून चालत आलेल्या कारखान्यात हा थर कमावून तयार व्हायला सुमारे सहा महिने लागतात. एका घोड्यामागे दोनच लहान तुकडे निघतात, त्यामुळे किंमत विचारून लोक पुढच्या दुकानात जातात.

दुसरा उपाय स्वस्त आहे आणि जुना आहे. अस्तर आणि चामडं यांच्यामध्ये, दोरी जिथे बसते तिथे, हंसाच्या पिसाची दांडी चिरून शिवून टाका, असं अ‍ॅस्कमने लिहून ठेवलं. बाणाचं बूड बोटांमध्ये गच्च धरणाऱ्यांची कातडी सोलवटते, त्यांच्यासाठी हा इलाज. आजच्या कित्येक मोज्यांच्या टोपणात नायलॉनची कडक पट्टी असते. पीस गेलं, नायलॉन आलं. शिवण त्याच जागी आहे.

मोजा ही काही जगभरची वस्तू नव्हे. एडवर्ड मोर्स हा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ जपानात राहून आला आणि १८८५ मध्ये त्याने बाण सोडण्याच्या पद्धतींची जगभरची वर्गवारी छापली. तीन बोटांची ओढ ही त्यातली भूमध्य पद्धत. तुर्क, मोगल आणि मंगोल दोरी अंगठ्याने ओढत, म्हणून त्यांना मोजा नको, अंगठी हवी. शाहजहानची जेडची अशी अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. क्यूदो या जपानी धनुर्विद्येत अंगठ्याचीच ओढ, पण हरणाच्या कातड्याच्या मोज्यात, ज्याच्या अंगठ्याला आतून कडक आधार असतो. त्याला ‘युगाके’ म्हणतात. तो गुडघ्यांवर बसून चढवतात आणि घाम लागू नये म्हणून आत सुती मोजा घालतात. गंमत म्हणजे युरोपात चामडं घसरावं म्हणून पावडर लावतात, तर जपानात अंगठा आणि बोटं एकमेकांना धरून राहावीत म्हणून राळेची भुकटी.

आपल्याकडचा पुरावा एका शब्दात आहे. विश्वामित्रांबरोबर निघालेल्या राम-लक्ष्मणांना वाल्मीकी रामायणात ‘बद्धगोधांगुलित्राण’ म्हटलं आहे. गोधा म्हणजे घोरपड. तिच्या चिवट कातड्याचं हाताचं कवच आणि बोटांचं रक्षण करणारं अंगुलित्राण बांधलेले, असा त्याचा अर्थ घेतात. मराठीला नव्याने शब्द शोधायची गरज नव्हती, अंगुलित्राण केव्हाचंच तयार होतं. तरी मैदानावर सगळे ‘ग्लोव्ह’च म्हणतात.

आणि मैदानावरही तो क्वचितच दिसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात विश्वविजेते झाले; ओजसने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले. त्यांच्या हातात मोजा नव्हता, दोरी सोडणारं यांत्रिक साधन होतं. टोकियो ऑलिंपिक खेळलेल्या फलटण तालुक्यातल्या प्रवीण जाधवच्या रिकर्व्ह प्रकारात बोटांखाली चामड्याचा सपाट तुकडा धरतात, त्याला टॅब म्हणतात. तो मोज्यापेक्षा नेमका आहे, यात वाद नाही: तिन्ही बोटांखाली एकच सलग पृष्ठभाग, त्यामुळे दोरी एकदम सुटते. मोजा उरला तो लाकडी धनुष्याच्या पारंपरिक तिरंदाजांकडे आणि परदेशातल्या शिकाऱ्यांकडे. त्यांना हात मोकळा लागतो. मोजा घालून बाण काढता येतो, झाडी बाजूला सारता येते, पाण्याची बाटलीही उघडता येते. टॅब दरवेळी सावरत बसावा लागतो.

अ‍ॅस्कमच्या मोज्याला एक छोटी थैलीही होती, तलम कापड आणि मेण ठेवायला. ती सोय काळाच्या ओघात गेली, हे वाईट झालं. आजच्या तिरंदाजाने फडकं आणि मेण खिशात ठेवावं, मोजा पिशवीत कोंबण्याऐवजी खुंटीला टांगावा आणि जुन्याची खोबण नखाला लागू लागली की लगेच दुसरा आणून त्याच्या जोडीने मुरवायला घ्यावा. जुना फाटेपर्यंत थांबणाऱ्याला स्पर्धेच्या दिवशी कोरा मोजा घालावा लागतो.